मोटर चालेल, मुजोरी नाही

डोंगरातल्या सायकलवाटेवर मोटर असावी की नसावी, हा वाद आता पुरे. मोटर आली आहे आणि ती परत जाणार नाही. तिला जोर किती द्यायचा, तिला कुठवर जाऊ द्यायचं आणि समोरून पायी येणाऱ्या माणसापुढे तिच्या मालकानं कसं वागायचं, हे ठरवायचं राहिलंय. कारखानदारांवर सोडलं तर ते वॅट वाढवत जातील. कोर्टावर सोडलं तर निकालाआधी वाट झिजून जाईल. तेव्हा हे वाट वापरणाऱ्यांनीच ठरवायला हवं, आणि यंत्रांची गर्दी होण्याआधी.

ज्यांनी अशी सायकल अजून चालवलेली नाही त्यांच्यासाठी तीन वाक्यं. चांगल्या डोंगरी ई-सायकलीत मोटर पॅडलपाशी बसवलेली असते. पायाचा दाब सेन्सर मोजतो आणि त्या दाबाच्या काही पट जोर मोटर आपल्या बाजूनं घालते. पाय थांबला की मोटर थांबते. आता ज्यांना जे सांगायचं ते थेट सांगतो.

‘ही तर फसवणूक’ म्हणणाऱ्यांना

ऑक्टोबर १९७६. कॅलिफोर्नियातली मरिन काउंटी, फेअरफॅक्स गावाबाहेरचा डोंगर. वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यावर काही पोरांनी उताराची शर्यत लावली. साडेतीन किलोमीटरहून कमी अंतरात सुमारे ४०० मीटर उतार. सायकली तीस-चाळीसच्या दशकातल्या, भंगारातून उचललेल्या जाड टायरच्या. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. १९७७ मध्ये जो ब्रीझनं डोंगरासाठीच नवी फ्रेम बनवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीच्या फ्रेम घेऊन धंदा सुरू केला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर ही सायकल कारखान्यातून बाहेर पडली आणि डोंगरी सायकल जगभर गेली.

मग जास्त गिअर आले, पुढे शॉकअप आले, मागे शॉकअप आले, डिस्क ब्रेक आले, चालवता चालवता बटणानं खाली जाणारी सीट आली. यातल्या प्रत्येक सुधारणेला ‘आता कौशल्य उरलं नाही’ म्हणणारे भेटले. कौशल्य उरलं. नवे लोक आले, आणि जुन्यांना झेपत नव्हत्या त्या वाटा झेपू लागल्या.

सायकलवाल्यांनी आणखी एक गोष्ट आठवावी. १९८० च्या दशकात याच मरिनमधल्या टॅमालपाइस डोंगरावर पायी फिरणारे आणि घोडेस्वार सायकलींच्या विरोधात उभे राहिले. सायकलवाले वेगात येतात, घोडे बुजवतात, माती उकरतात, अशा तक्रारी झाल्या. त्या डोंगरावरच्या अरुंद पायवाटांवर सायकलला मज्जाव झाला, आणि तो वाद अजून धुमसतो आहे. अमेरिकेच्या १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्यानं राखीव रानात मोटर आणि यांत्रिक वाहतूक बंद केली होती. १९८४ मध्ये वनखात्यानं सायकलही त्या बंदीत येते हे नियमात स्पष्ट केलं. ज्यांना ‘तुम्ही इथले नाही’ असं ऐकावं लागलं, त्यांनीच आज तेच वाक्य ई-सायकलवाल्याला ऐकवावं, हे मला पटत नाही.

शर्यतीत लपवून मोटर लावणं ही फसवणूकच, तिथं दुमत नाही. म्हणून तर जागतिक सायकल महासंघानं २०१९ पासून डोंगरी ई-सायकलींची विश्वविजेतेपदाची शर्यतच वेगळी ठेवली. पण रविवारी सकाळी टेकडी चढणारा कुणाशी शर्यत लावत नसतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला साठीचा माणूस, हृदयविकारातून उठलेली बाई, तरण्या मुलाबरोबर निघालेला बाप या सगळ्यांसाठी मोटर म्हणजे सोबत जाण्याची मुभा. कॅल्गरीच्या ख्रिश्चन बॅगच्या पाठीच्या कण्याला बर्फावरच्या अपघातात इजा झाली. त्यानं पाय न चालणाऱ्या माणसालाही खडकाळ वाटेवर नेणारी, चाकं जमिनीशी जुळवून घेणारी तीनचाकी बनवली. ती विजेवर चालते. तिला वाटेवर येऊ देऊ नका, असं तोंडावर सांगायची कुणाची तयारी आहे? माझी नाही.

वॅट विकणाऱ्यांना

आता दुसरी बाजू, आणि ती अधिक कडक शब्दांत. युरोपात सायकल ‘सायकल’ म्हणून चालवायची तर मोटर जास्तीत जास्त २५० वॅटची हवी आणि ताशी २५ किलोमीटरनंतर तिनं मदत थांबवायला हवी. पण हा २५० चा आकडा मोटर न थांबता जी शक्ती देऊ शकते तिचा. चढावर काही मिनिटं ती किती उसळेल, याला त्या कायद्यात वरची सीमाच नाही. लिफ्टमध्ये ‘चार माणसे’ अशी पाटी लावून सोळा जण चढवावेत, तसा हा हिशोब आहे.

या पळवाटेतून काय बाहेर आलं पाहा. जुलै २०२४ मध्ये ड्रोन बनवणाऱ्या डीजेआय कंपनीनं सायकलीची मोटर आणली. वजन २.५२ किलो, जोर १०५ न्यूटन-मीटर, थोड्या वेळासाठी १२०. कागदावर २५० वॅट. उसळी ८५० वॅटची, बूस्ट दाबला तर १००० वॅटपर्यंत. तोवर ८५ न्यूटन-मीटरवर समाधानी असलेल्या बॉश या दुसऱ्या मोटर-कंपनीनं २०२५ मध्ये आपल्या डोंगरी मोटरला सॉफ्टवेअरच्या अपडेटनं १०० न्यूटन-मीटर आणि ७५० वॅटपर्यंत नेलं. म्हणजे सायकल तीच, मोटर तीच, आणि फोनवरून ताकद वाढली. सराव असलेला हौशी सायकलवाला तासभर साधारण २०० वॅट टिकवतो. त्याच्या पायाच्या चौपट-पाचपट जोर यंत्राचा असेल तर पाय काय करतो, हा प्रश्न विचारायलाच हवा.

अभियांत्रिकी म्हणून यातलं कौतुकाचं ते मोकळेपणानं मान्य करतो. अडीच किलोंच्या डब्यात इतका जोर बसवणं सोपं काम नाही. पण डोंगरात आकड्यांची शर्यत लागली की तिचा दंड पायी चालणारा भरतो. जर्मनीतल्या सायकल उद्योगाच्या संघटनेला हा धोका वेळेत दिसला. तिनं २०२५ मध्ये उसळीच्या शक्तीलाही ७५० वॅटची मर्यादा घालावी आणि मोटरचा जोर पायाच्या चौपटीच्या आसपास ठेवावा असं सुचवलं. ज्यांचा माल विकला जातो तेच कुंपण मागत आहेत, कारण कुंपण नसेल तर उद्या सगळ्या ई-सायकली मोटरसायकलींच्या रांगेत जातील हे त्यांना कळतं. ही सूचना कायद्यात यावी. शक्ती चाकापाशी मोजावी आणि तोच आकडा फ्रेमवर छापावा.

थ्रॉटलला सायकल म्हणणाऱ्यांना

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी तीन वर्ग केले आहेत. पहिला: पॅडल मारलं तरच मदत, ताशी सुमारे ३२ किलोमीटरपर्यंत. दुसरा: वेग तोच, पण थ्रॉटल फिरवला की पाय न हलवता चालणारी. तिसरा: पॅडलवरच, पण ताशी ४५ किलोमीटरपर्यंत. डोंगरवाटेवर जागा पहिल्या वर्गाला द्यावी. इतर दोघांनी रस्त्यावर जावं.

कारण साधं आहे. पॅडलवर चालणारी सायकल माणसाच्या शरीराशी बांधलेली राहते. तो दमला की ती मंदावते. तो कचरला की ती थांबते. थ्रॉटलचं यंत्र दमत नाही. आणि त्याच्या मागून ‘ई-सायकल’ असं नाव लावून नुसत्या मोटरसायकली येतात: पॅडल नावापुरतं किंवा नाहीच, वेग ताशी साठ-सत्तर, चालवणारा चौदा वर्षांचा. ज्या मरिनमध्ये डोंगरी सायकल जन्मली, तिथंच ही पाळी आली. कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये खास कायदा करून मरिन काउंटीला अधिकार दिला: १६ वर्षांखालच्या मुलांना थ्रॉटलच्या ई-सायकली बंद, आणि त्या चालवणाऱ्या सगळ्या वयाच्या लोकांना हेल्मेट सक्तीचं. त्याच वर्षी राज्यानं पहिल्या आणि तिसऱ्या वर्गात थ्रॉटल चालणार नाही, हेही कायद्यात पक्कं केलं. मुलं रुग्णालयात पोचल्यावर हे सुचलं. आपल्याला आधी सुचायला हरकत नाही.

वेगाचं कुलूप तोडून देणारे डबे विकणारे आणि विकत घेणारे, तुम्हालाही थेट सांगतो. तुम्ही स्वतःची सायकल वेगवान करत नाही, सगळ्या ई-सायकलवाल्यांची परवानगी जाळता.

मातीच्या नावानं बोलणाऱ्यांना

‘ई-सायकल माती उकरते’ हे विधान छातीठोकपणे केलं जातं. अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशननं ओरेगनमध्ये चाचणी घेतली: साधी डोंगरी सायकल, पहिल्या वर्गाची ई-सायकल आणि मोटरसायकल, तिन्ही एकाच प्रकारच्या वाटेवर. मोटरसायकलनं माती खूपच जास्त हलवली. दोन सायकलींमधला फरक लहान निघाला. एका ठिकाणची ही चाचणी, तिच्यावर सगळं जग उभं करू नये. पण ती बेधडक विधानांना लगाम घालते.

खरा धोका फेऱ्यांचा आहे. पायाच्या जोरावर सकाळी एक फेरी मारणारा मोटर आली की तीन मारतो. पूर्वी ज्या चढावर दहांतले दोघे पोचायचे तिथं आता दहाच्या दहा पोचतात. उतारासाठी बांधलेल्या वाटेवर लोक उलटे चढू लागतात आणि आंधळ्या वळणावर समोरासमोर येतात. १४ किलोंच्या सायकलीच्या जागी २३ किलोंची सायकल ब्रेक दाबत वळते. यावर उपाय वाट बांधण्यात आहे: चढाची वाट वेगळी, उताराची वेगळी, वळणाआधी वेग मोडणारी रचना, पाणी वाटेवरून धावू नये म्हणून बाहेरच्या बाजूला उतार. हे काम कुदळ-फावड्याचं आहे. ज्याला मोटरनं तिप्पट वाट दिली त्यानं वाटेला तिप्पट घाम द्यावा. आणि इथं मोटर उपयोगीही पडते: अवजारं आणि दगडाची पोती वर नेणाऱ्या स्वयंसेवकांसाठी ई-सायकल वरदान आहे.

घाईनं परवानगी देणाऱ्यांना

ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेच्या इंटीरियर खात्यानं, म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्यानं, एका आदेशानं राष्ट्रीय उद्यानांत आणि सरकारी जमिनींवर ई-सायकलींना साध्या सायकलींसारखं वागवायला सांगितलं. त्याच वर्षी टाहो राष्ट्रीय वनात मोटरबंदीच्या सुमारे २०० किलोमीटर वाटा पहिल्या वर्गाच्या ई-सायकलींना खुल्या झाल्या, आणि ऑक्टोबरमध्ये घोडेस्वारांच्या आणि रानप्रेमींच्या संघटना कोर्टात गेल्या. लोकांना विचारलं नाही, पर्यावरणाचा अभ्यास केला नाही, ही त्यांची तक्रार. २०२२ मध्ये राष्ट्रीय उद्यानांच्या ई-सायकल नियमाबद्दल कोर्टानं म्हटलं: अभ्यास टाळण्याची कारणं पुरेशी नाहीत. अभ्यास आधी झाला असता तर तीन वर्षांचा कडवटपणा वाचला असता.

आपल्याकडे हा धडा घ्यायला दूर जावं लागत नाही. माथेरानमध्ये गाड्या दस्तुरी नाक्याशी थांबतात, वर मोटरला बंदी. २००३ पासून तो पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील प्रदेशही आहे. तिथं माणसं माणसांना हातरिक्षातून ओढत होती. ई-रिक्षा आणायची की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आधी प्रायोगिक परवानगी, मग अनुभव, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आदेश: हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि ती ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या. मोटर कुणासाठी, किती आणि कुठे, हे तीन प्रश्न तिथं विचारले गेले. डोंगरातल्या सायकलवाटेलाही हेच तीन प्रश्न लागू आहेत.

दुरुस्ती विसरलेल्यांना

भंगारातल्या फ्रेमवर ज्या सायकलीचा जन्म झाला, तिच्या आजच्या वारसाची बॅटरी मेली की सायकल चालणंच मुश्कील होतं. आज काही सायकलींचे शॉकअप खडकांचा अंदाज घेऊन स्वतः कडक-मऊ होतात. गिअर वायरीशिवाय बदलतात. २०२२ पासून बॉशकडे डोंगरी सायकलींसाठी एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेकयंत्रणाही आहे आणि ती घसरड्या उतारावर खरोखर उपयोगाची आहे. हे सगळं मला हवं आहे. पण दहा वर्षांनी कंपनीनं यातला एखादा सुटा भाग बनवणं बंद केलं तर काय? युरोपीय संघानं २०२३ च्या बॅटरी नियमात उत्तर लिहिलं: फेब्रुवारी २०२७ पासून अशा हलक्या वाहनांची बॅटरी आणि तिच्यातले सेल स्वतंत्र कारागिराला बदलता आले पाहिजेत. भारतानं हा नियम जसाच्या तसा उचलावा. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला जी उघडता येत नाही ती महाग वस्तू लवकरच कचरा होते, आणि लिथियमचा कचरा डोंगराच्या पायथ्याशीच साठतो.

आणि सह्याद्रीतल्या आपल्या सगळ्यांना

भारतातही नियम तोच २५० वॅटचा आणि ताशी २५ किलोमीटरचा. त्याच्या आत असलेल्या ई-सायकलीला ना नोंदणी लागते ना लायसन. आपल्याकडेही हे २५० वॅट अर्ध्या तासाच्या सरासरीचे, म्हणजे उसळीची पळवाट इथंही उघडी आहे. पुण्यातच ईमोटोरॅडसारखी कंपनी ई-सायकली बनवते, आणि बाजारातल्या जाड टायरच्या, डोंगरी दिसणाऱ्या कित्येक ई-सायकलींना थ्रॉटल असतो. शहरात कामावर जायला त्या उत्तम. मात्र टेकडीची वाट वेगळी जागा आहे.

आपल्या डोंगरवाटा कुणी सायकलींसाठी बांधलेल्या नाहीत. त्या धनगरांच्या आहेत, ठाकर-कातकऱ्यांच्या आहेत, गुरांच्या आहेत. वळणापलीकडे डोक्यावर मोळी घेतलेली बाई असू शकते. तिला बाजूला उडी मारता येत नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवर पहाटे आजोबा काठी टेकत चालतात. ती टेकडी फोडून रस्ता काढायला विरोध म्हणून २०२३ मध्ये पुणेकर मोठ्या संख्येनं रस्त्यावर उतरले. ज्यांनी टेकडी वाचवायला पाय झिजवले त्यांना विचारल्याशिवाय तिथं कुठलंही यंत्र जाऊ नये, माझंही नाही आणि माझ्या मित्राचंही नाही.

म्हणून मागण्या सरळ आहेत. एक: पायवाटेवर फक्त पॅडलवर चालणारी ई-सायकल, थ्रॉटल असेल तर तो काढून किंवा बंद करून. दोन: उसळीच्या शक्तीला कायद्यानं मर्यादा. तीन: पायी चालणारा, गुरं आणि ओझं वाहणारा यांचा हक्क पहिला, ते दिसले की सायकलवाल्यानं थांबायचं, घंटी वाजवून त्यांना बाजूला करायचं नाही. चार: जून ते सप्टेंबर ओल्या मातीच्या वाटा सगळ्याच सायकलींना बंद, कारण चाकानं पाडलेल्या चरातून आपला पाऊस एका मोसमात ओघळ काढतो. पाच: अपंगांच्या विजेवरच्या तीनचाकीला वरच्या कुठल्याही नियमात अडकवायचं नाही. उलट निदान काही वाटा तिच्या रुंदीच्या करायच्या.

कारखानदारांकडे सहावी मागणी. बऱ्याच ई-सायकलींना आपण कुठे आहोत हे जीपीएसनं कळतं. मग पायवाटेच्या हद्दीत शिरताच मोटरनं आपला जोर आपोआप उतरवावा, असं सॉफ्टवेअर तुम्हाला लिहिता येतं. फोनवरून ताकद वाढवणारं अपडेट तुम्ही पाठवलंत, तर ताकद कमी करणारंही पाठवता येईल. ज्या कंपनीचे लोक हे आपणहून करतील त्यांची सायकल मी लोकांना सुचवीन.

हे नियम वनखात्यानं, महापालिकेनं, गावच्या ग्रामसभेनं आणि सायकल क्लबांनी एकत्र बसून लिहायचे आहेत. क्लबांनी पहिलं पत्र पाठवावं. पुढचा पावसाळा संपून वाटा वाळायच्या आत मसुदा टेबलावर हवा. आज टेकडीवर ई-सायकली मोजक्या आहेत, म्हणून बोलणं शांतपणे होईल. शंभर झाल्यावर भांडण होईल, आणि भांडणात बंदी लवकर येते. ती बंदी पहिल्यांदा त्यालाच घरी बसवेल, ज्याला चढ चढायला मोटरची खरी गरज होती.